क्लोरोक्विन रक्तात नेमकं काय करतं, आणि ताप उतरल्यावर चौदा दिवसांची दुसरी गोळी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ रस्त्याच्या कामावर तीन महिने गडचिरोलीकडे होता. अंबडला घरी आल्यावर आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप आला आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला. तीन दिवस क्लोरोक्विन घेतलं, तिसऱ्या दिवशी ताप गेला. आता डॉक्टर म्हणतात की जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशीतलं एक एन्झाइम) तपासून घ्या, मग चौदा दिवस प्रायमाक्विन. तुम्ही कुठेतरी वाचलंत की हा परजीवी रक्तातलं लोह खातो आणि औषध त्या लोहावरच काम करतं. मग ते आपल्या रक्तालाही बाधत असेल का? ताप गेलाय तर पुढची गोळी कशाला? आणि हिमोग्लोबिन १० वर आलंय, तर लोहाच्या गोळ्या आणि बीटचा रस आजच सुरू करायचा का?

मी नाशिकला पॅथॉलॉजी करते, पंचवीसेक वर्षं झाली. त्याआधी काही काळ पेठ-सुरगाणा भागात होते. औषध लिहून देणं हे माझं काम नाही, काचेवर परजीवी शोधणं हे आहे. म्हणून डोस, वजन, इतर आजार या गोष्टी तुमच्या डॉक्टरांवर सोडते. भावाचा रिपोर्टही मी पाहिलेला नाही. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: परजीवी हिमोग्लोबिन कुठे पचवतो आणि कुठे पचवत नाही. तेवढं कळलं की डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीतली प्रत्येक ओळ आपोआप उलगडते.

आधी एक दुरुस्ती. परजीवी लोह खात नाही. तो हिमोग्लोबिन खातो आणि लोह त्याच्या घशात अडकतं.

तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने ठासून भरलेली पिशवी. आत शिरलेला परजीवी त्यातलं अर्ध्याहून अधिक हिमोग्लोबिन अठ्ठेचाळीस तासांत फस्त करतो. एक तर त्याला प्रथिनं बांधायला अमिनो आम्लं लागतात, आणि दुसरं, वाढायला जागा लागते. यातली एक गंमत मला कायम आवडत आली आहे: माणसाच्या प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्यूसिन नावाचं अमिनो आम्ल अजिबात नसतं. म्हणजे एवढं ताट वाढलेलं असूनही एक पदार्थ त्याला बाहेरून, आपल्या रक्तद्रवातून मागवावाच लागतो.

हे पचन त्याच्या पोटातल्या एका आम्लधर्मी पिशवीत होतं. आपण तिला पचनकोश म्हणू. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास, तर तिथला साधारण ५.५ किंवा त्याहूनही खाली. तिथली एन्झाइम हिमोग्लोबिनची साखळी तोडतात आणि आतलं हीम सुटं होतं. हीम म्हणजे मधोमध लोहाचा अणू बसवलेली चपटी चकती. हिमोग्लोबिनच्या घडीत असते तोवर ती गुणी असते, ऑक्सिजन वाहते. सुटी झाली की त्यातलं लोह लगेच दोन भारावरून तीन भारावर जातं आणि ती चकती विषारी होते. पेशीच्या पडद्यांत घुसून त्यांना भोकं पाडते.

आपल्या शरीरातही रोज जुन्या पेशी मोडतात, हीम सुटतं. पण ते फोडायला आपल्याकडे एन्झाइम आहे. त्यातूनच पुढे बिलिरुबिन बनतं, आणि मलेरियात डोळे पिवळसर दिसतात ते त्यामुळेच. परजीवीकडे ही सोय नाही. तो दुसरी युक्ती करतो. हीमच्या जोड्या लावून, एकावर एक रचून त्यांचे घट्ट स्फटिक बनवतो. स्फटिकात गेलेलं हीम कोणाला इजा करत नाही. या स्फटिकांना हीमोझॉइन म्हणतात, आम्ही लॅबवाले नुसतं पिगमेंट म्हणतो.

हे मी रोज बघते. लिशमन नावाच्या रंगाने रंगवलेली स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, शंभरची लेन्स, वर तेलाचा थेंब. व्हायवॅक्सची पेशी शेजारणींपेक्षा फुगलेली, फिकट. आत वेडावाकडा निळा पसारा, त्यात लालसर ठिपका, आणि निळ्यात विखुरलेले सोनेरी-तपकिरी कण, मोहरी कुटून भुरभुरावी तसे. फाइन फोकस जरा हलवला की कण लुकलुकतात. ते म्हणजे तुमच्या भावाच्या हिमोग्लोबिनमधलं गाठोडं बांधून ठेवलेलं लोह. नवीन असताना मी एकदा रंगाचा गाळ पिगमेंट समजून रिपोर्ट लिहायला घेतला होता. आमच्या टेक्निशियन काकांनी शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, फोकस खालीवर करा. पेशी पुसट झाल्यावर ठिपका ठळक होतोय ना? मग तो पेशीच्या आत नाही, वर बसलाय.’ तेव्हापासून फोकस हलवल्याशिवाय मी पिगमेंट हा शब्द लिहीत नाही.

या कणांनी इतिहासही घडवला आहे. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हेराँ हा फ्रेंच लष्करी डॉक्टर रुग्णांच्या रक्तात हे काळे कणच न्याहाळत होता, तेव्हा त्याला परजीवी हलताना दिसला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटाच्या भिंतीत काही गोल पेशी पाहिल्या. त्या मलेरियाच्याच हे त्याने ओळखलं ते आतल्या याच पिगमेंटवरून.

आता क्लोरोक्विन. १९३४ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हान्स आंडरझाग यांनी ते पहिल्यांदा तयार केलं. त्याचा स्वभाव अल्कधर्मी. रक्तात ते बऱ्यापैकी पडदे ओलांडत फिरू शकतं. पण आम्लधर्मी पचनकोशात शिरलं की त्याला प्रोटॉन चिकटतात, ते भारित होतं आणि परत पडदा ओलांडता येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखं, आत जायला वाट, बाहेर यायला नाही. त्याला असे दोन प्रोटॉन चिकटू शकतात, त्यामुळे आतलं प्रमाण बाहेरच्या हजारो पटींनी वाढतं. रक्तात अगदी थोडं औषध असूनही परजीवीच्या पोटात त्याचा ढीग लागतो तो असा.

तिथे गेल्यावर ते कोणावर वार करत नाही, नुसतं स्फटिक वाढू देत नाही. आपण गुलाबजामचा पाक करताना दोन थेंब लिंबू पिळतो, पाक बसू नये म्हणून, तसंच काहीसं. लिंबू साखरच फोडतं, इथे क्लोरोक्विन हीमला बिलगतं आणि स्फटिकाच्या वाढत्या पृष्ठभागावर बसून पुढची वीट रचू देत नाही, एवढा फरक. परिणाम मात्र तोच. पाक पातळ राहतो, म्हणजे हीम सुटं राहतं. खाणं चालूच, कचरा बांधणं बंद. थोड्याच वेळात परजीवी स्वतःच्याच ताटातल्या विषाने मरतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं: क्लोरोक्विन तुमच्या भावाच्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाला हात लावत नाही. आपलं हीम घडीत जिथल्या तिथे सुरक्षित असतं, आणि आपल्या तांबड्या पेशीत तो आम्लधर्मी कोशच नसतो. हिमोग्लोबिन १० वर आलं ते परजीवीने पेशी फोडल्या म्हणून, आणि बाधा न झालेल्या पेशीही प्लीहा जास्तीच्या गाळून टाकते म्हणून.

अर्धंच उत्तर म्हणाले, कारण प्रायमाक्विनची गोष्ट वेगळी आहे. तिकडे येते.

क्लोरोक्विनचं सगळं बळ पचनावर उभं आहे. जिथे हिमोग्लोबिन पचत नाही, तिथे ते बेकार. आता व्हायवॅक्सचा उद्योग बघा. डास चावला की परजीवी आधी यकृतात जातो. काही लगेच वाढून रक्तात उतरतात, काही तिथेच झोपून राहतात. त्यांना हिप्नोझोइट म्हणतात, म्हणजे झोपलेले. यकृताच्या पेशीत हिमोग्लोबिनची मेजवानी नसते, त्यामुळे ना पिगमेंट, ना सुटं हीम, ना क्लोरोक्विनला काही काम. ताप उतरला तो रक्तातले मेले म्हणून. यकृतातल्यांना काही झालेलं नाही, त्यांना मारायलाच चौदा दिवसांचं प्रायमाक्विन. ते काही आठवड्यांनी, कधी आठ-दहा महिन्यांनीही उठतात आणि मग लोक म्हणतात, ‘परत डास चावला वाटतं.’ दिवाळीत बरा झालेला माणूस शिमग्याला पुन्हा कुडकुडत येतो, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते: चौदा दिवसांची गोळी पुरी केली होती का? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘चार-पाच घेतल्या, मग बरं वाटलं.’

हाच तर्क फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या दुसऱ्या जातीतही लागू पडतो. त्याची चंद्रकोरीच्या आकाराची पक्व लिंगपेशी जेवण आटोपून बसलेली असते, हिमोग्लोबिन पचवायचं थांबलेली. तिच्यावर क्लोरोक्विन चालत नाही. म्हणून फॅल्सिपॅरममध्ये प्रायमाक्विनचा एकच डोस देतात. त्याने रुग्णाला फारसा फरक पडत नाही, पण त्याच्याकडून डासाला आणि डासाकडून शेजाऱ्याला लागण होत नाही.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट. भाऊ गडचिरोलीकडून आलाय आणि तिकडे फॅल्सिपॅरम भरपूर. रिपोर्टमध्ये फक्त व्हायवॅक्स लिहिलंय की मिश्र, हे नीट वाचा. दोन्ही असतील तर उपचार बदलतो, कारण फॅल्सिपॅरम क्लोरोक्विनला पुरून उरलाय. आपल्याकडे आसामात १९७३ मध्येच त्याची नोंद झाली. त्याने पचनकोशाच्या पडद्यातल्या एका वाहक प्रथिनात बदल केला. त्या साखळीतला ७६ वा दुवा, लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी थ्रिओनिन. त्या बदललेल्या दारातून औषध बाहेर फेकलं जातं. पिंजऱ्याला मागून भोक पडलं म्हणा ना. औषध तेच, विष तेच, फक्त ढीग लागत नाही. आफ्रिकेतल्या मलावीत १९९३ मध्ये क्लोरोक्विन वापरणं थांबवलं, तर काही वर्षांनी हे भोक असलेले परजीवी मागे पडले आणि जुने परत आले. म्हणजे ते दार परजीवीलाही फुकट पडत नाही.

फॅल्सिपॅरमला आर्टेमिसिनिनची औषधं देतात. चीनच्या तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते याच कामाबद्दल. तिथेही हीमच कामाला येतं, पण उलट बाजूने. या रेणूत दोन ऑक्सिजनचा एक ताणलेला पूल असतो. परजीवीने पचवून सुटं केलेलं हीम त्या पुलाला तोडतं आणि त्यातून जे आक्रमक तुकडे निघतात ते आजूबाजूची प्रथिनं खराब करतात. बॉम्ब डॉक्टर देतात, वात परजीवी स्वतः पेटवतो. मात्र ते शरीरातून काही तासांत संपतं, म्हणून जोडीला लांब टिकणारं दुसरं औषध लागतंच. ल्युमेफॅन्ट्रिन जोडीला असेल तर ते दुधाबरोबर किंवा तूप-तेल असलेल्या जेवणानंतरच घ्यायचं. उपाशीपोटी घेतलं तर नीट शोषलं जात नाही. ‘तापात तेलकट नको’ म्हणून नुसत्या पेजेवर गोळ्या घेणारे मी पाहिलेत.

आता प्रायमाक्विन आणि ती जी-सिक्स-पीडीची भानगड.

प्रायमाक्विन यकृतात बदलतं आणि त्यातून ऑक्सिडीकरण करणारे पदार्थ तयार होतात, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे. हे पदार्थ आपलं आणि परक्याचं बघत नाहीत. आपल्या तांबड्या पेशींनाही ते झळ देतात. म्हणजे ‘औषध आमच्या रक्तालाही बाधतं का’ या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे: क्लोरोक्विन नाही, प्रायमाक्विन हो. बहुतेकांच्या पेशी हे सहज पेलतात. त्यासाठी लागणारं ग्लुटाथायोन ताजं ठेवायचं काम ज्या साखळीतून चालतं, तिच्या सुरुवातीलाच जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम असतं. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, तिला दुसरा आधार नाही. हे एन्झाइम कमी असेल तर हिमोग्लोबिन बिघडून पेशीतच त्याच्या गुठळ्या होतात आणि पेशी फुटतात.

याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे पुरुषांत तो दोष पूर्णपणे दिसतो. बायकांत मधलं प्रमाणही असू शकतं. काही आदिवासी समाजांत हा दोष जास्त आढळतो, पण आडनावावरून किंवा गावावरून ठरवायची ही गोष्ट नाही.

एक नमुना मी विसरू शकत नाही. कुठल्याशा दवाखान्यात तपासणी न करताच प्रायमाक्विन दिलेला विशीतला मुलगा. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी. त्याची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली तर वरचा थर, जो एरवी ऊसाच्या रसासारखा फिकट असतो, तो कोकम सरबतासारखा लाल. स्मिअरवर कडेने चावा घेतल्यासारख्या पेशी. आणि जी-सिक्स-पीडी आलं चक्क नॉर्मल! रक्त चढवण्याआधीचा नमुना होता तो. कारण जुन्या, एन्झाइम कमी असलेल्या पेशी फुटून गेल्या होत्या आणि नळीत उरल्या होत्या नुकत्याच बनलेल्या कोवळ्या पेशी, ज्यांच्यात एन्झाइम भरपूर असतं. मुलगा वाचला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा कमतरता स्पष्ट दिसली.

तुमच्या भावासाठी याचा अर्थ असा. तपासणी करा, नक्की करा. कमतरता आहे असं आलं तर त्यावर विश्वास ठेवा. नॉर्मल आलं तर बहुधा नॉर्मलच आहे, पण हिमोग्लोबिन नुकतंच घसरलंय, तेव्हा रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी, सोबत पाहायला डॉक्टरांना सांगा. आकडा सीमेवर असेल तर काही आठवड्यांनी परत. कमतरता निघाली तरी दार बंद होत नाही. प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली असा दुसरा मार्ग आहे. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला मात्र प्रायमाक्विन देत नाहीत. ही चिठ्ठी घरात दुसऱ्या कोणासाठी परस्पर वापरू नका.

गोळी सुरू असताना रोज लघवीचा रंग बघायला सांगा. गडद तपकिरी झाली, धाप लागली, डोळे एकदम पिवळे झाले, ओठ निळसर वाटले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि आता बीट! बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होते. ज्यांचं लोह कमी असतं त्यांची तर जास्तच. ज्या दिवसांत आपण रंगावर पाळत ठेवतोय, त्याच दिवसांत बीट पाजून आपणच गोंधळ का घालायचा? बीटमध्ये तसंही रंगाच्या मानाने लोह बेताचंच असतं. चौदा दिवस ते बाजूला राहू द्या.

लोहाच्या गोळ्यांचीही घाई नको. आजारात शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आतड्यातून लोह आत येणं रोखतं. त्या काळात गोळी घेतली तर काळा शौच आणि मळमळ यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. मलेरिया जोरात असलेल्या झांझिबारमधल्या पेम्बा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल दिलं तर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. तुमच्या भावाची परिस्थिती वेगळी आहे, उपचार झालेत. तरी क्रम तोच ठेवा: आधी परजीवी पूर्ण जाऊ द्या, काही आठवड्यांनी हिमोग्लोबिन परत बघा. बरेचदा ते आपसूक वर येतं. नाही आलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून मग लोह. तापात केलेलं फेरिटिन खोटं जास्त येतं, त्यावर पैसे घालवू नका. तोवर नागलीची भाकरी, डाळ, अंडी, पालेभाजी. यात काही चुकायचं नाही.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी. पुन्हा कधी क्लोरोक्विन घ्यायची वेळ आली आणि पित्ताचं पांढरं औषधही चालू असेल, तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. ते पोटात गोळीला शोषू देत नाही. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर डॉक्टरांना कळवा, ती गेली असं धरून परत द्यावी लागू शकते. रक्तदान तीन महिने नाही.

पुढच्या वर्षभरात थंडी वाजून ताप आला तर दोन दिवस वाट न बघता रक्त द्या, शक्यतो ताप असतानाच, गोळी घेण्याआधी. आणि नुसत्या कार्डवर भागवू नका, काचही करायला सांगा. जलद तपासणीच्या कार्डवरची फॅल्सिपॅरमची रेघ परजीवी मेल्यावरही काही आठवडे उमटत राहू शकते. जुना रिपोर्ट आणि प्रायमाक्विन किती दिवस घेतलं ते लिहिलेला कागद लॅबमध्ये दाखवा. समोर काय शोधायचंय ते माहीत असलं की आम्ही काचेसमोर दहा मिनिटं जास्त बसतो.